जरा दम घेऊ या

(ताण म्हणजे काय, तो स्त्रियांच्या वाट्याला अधिक का येतो आणि योगाभ्यासाने तो कसा हलका करता येतो, याची माहिती या पाठात दिली आहे. घरातील स्त्रीचे आरोग्य ही साऱ्या घराची जबाबदारी आहे, हा विचारही पाठात मांडला आहे.)

संध्याकाळची वेळ. मालेगावातील एक गल्ली. शेजारच्या यंत्रमागांची खटखट चालू आहे. एका घरात अम्मी शिलाई मशीनवर बसली आहे. उद्या सकाळपर्यंत चार कुर्ते शिवून द्यायचे आहेत. गॅसवर दूध ठेवले आहे. धाकटा मुलगा गणिताची वही घेऊन मागे लागला आहे. आतल्या खोलीतून दादी पाणी मागत आहेत. अम्मी उठते, दादींना पाणी देते, तोवर दूध उतू जाते. अम्मी धावत येते, गॅस बंद करते आणि जवळ उभ्या असलेल्या धाकट्याच्या पाठीत एक धपाटा घालते. खरे तर दूध उतू जाण्याशी त्याचा काही संबंध नसतो. तो रडू लागतो. अम्मी ओट्याकडे तोंड करून उभी राहते आणि पदराने डोळे पुसते.

मोठी मुलगी आठवीत शिकते. ती जवळ येऊन विचारते, "अम्मी, काय झालं?"

"काही नाही गं. जरा डोकं दुखतंय."

हे घर मालेगावातच असेल असे नाही. ते भिवंडीत असू शकते, औरंगपुऱ्यात असू शकते, एखाद्या खेड्यातही असू शकते. हे "काही नाही" आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकले आहे. बहुतेक वेळा आपण ते खरे मानतो आणि खेळायला निघून जातो. पण या दोन शब्दांच्या मागे पुष्कळ काही दडलेले असते. ते काय असते, हे आज आपण समजून घेऊ.

विद्यार्थी मित्रांनो, समजा, तुम्ही रस्त्याने चालला आहात आणि अचानक एक कुत्रा भुंकत अंगावर येतो. त्या क्षणी तुमच्या शरीरात काय घडते? छाती धडधडते. श्वास जोरात चालू लागतो. तळहातांना घाम येतो. हातापायांचे स्नायू ताठ होतात. हे सारे आपोआप घडते. मेंदूकडून धोक्याचा इशारा मिळताच मूत्रपिंडांच्या वर असलेल्या लहानशा ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल नावाची द्रव्ये रक्तात सोडतात. त्यामुळे हृदय वेगाने चालते, स्नायूंना जास्त रक्त मिळते आणि आपण पळू शकतो किंवा धोक्याला तोंड देऊ शकतो. शरीराची ही तयारी म्हणजेच ताण. तो काही आपला शत्रू नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी थोडा ताण असतो, म्हणून तर आपण अभ्यासाला बसतो!

कुत्रा निघून गेला की थोड्या वेळाने छातीची धडधड थांबते. शरीर पुन्हा शांत होते. हे शांत होणे फार महत्त्वाचे आहे. पण ज्या माणसाच्या जीवनात 'कुत्रा' जातच नाही, त्याचे काय? आज घरभाड्याची काळजी, उद्या मुलांच्या फीची, परवा आजारी माणसाच्या औषधाची. एक काळजी संपण्याआधी दुसरी उभी राहते. मग शरीर सदैव पळण्याच्या तयारीत राहते. खांदे आणि मान आखडतात. डोके दुखते. पित्त वाढते. रात्री झोप लागत नाही. लहानसहान गोष्टींवरून राग येतो आणि राग ओसरल्यावर रडू येते. मन कशातच रमत नाही. अम्मीचा धपाटा आणि अम्मीचे अश्रू, दोन्ही या ताणातूनच आलेले होते.

ताण पुरुषांनाही असतो. दिवसभर राबणारे अब्बा ताणाखाली असतातच. तरीही स्त्रियांच्या बाबतीत काही गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली गोष्ट म्हणजे त्यांच्या कामाला सुट्टी नसते. भारत सरकारने २०१९ साली देशभर एक पाहणी केली. माणसे दिवसाचे चोवीस तास कोणकोणत्या कामांत घालवतात, याची ती पाहणी होती. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या कामात दररोज सरासरी २९९ मिनिटे घालवतात, असे तीत दिसून आले. म्हणजे जवळजवळ पाच तास! जे पुरुष घरकाम करतात, त्यांची सरासरी ९७ मिनिटे होती. या पाच तासांचा पगार मिळत नाही. लहान मुलांची व आजारी माणसांची देखभाल तर त्यात धरलेलीच नाही. शिवणकामासारखा उद्योग करणाऱ्या स्त्रीला हे सारे सांभाळून तो करावा लागतो.

दुसरी गोष्ट शरीराची. मासिक पाळी, गर्भारपण, बाळंतपण आणि पाळी बंद होण्याचा काळ या प्रत्येक वेळी स्त्रीच्या शरीरातील संप्रेरकांचे प्रमाण बदलते. त्याचा परिणाम मनावरही होऊ शकतो. बाळंतपणानंतर काही स्त्रियांना कारण नसताना रडू येते, उदास वाटते. घरात बाळाच्या जन्माचा आनंद असतो. अशा वेळी "मला बरे वाटत नाही" असे म्हणायची तिला लाज वाटते.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. आपला त्रास सांगण्याची अनेक स्त्रियांना सवयच नसते. ताप आला तर त्या सांगतील, पण मन थकले हे कसे सांगणार? लोक हसतील, नाही तर वेड लागले म्हणतील, अशी भीती वाटते. नैराश्य हा मनाचा आजार जगभरात पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक, सुमारे दीडपट आढळतो. पण मनाचा आजार म्हणजे वेड नव्हे. पोट बिघडते, डोळे दुखतात, तसेच मनही आजारी पडते आणि काळजी घेतल्यावर बरेही होते.

आता एक प्रश्न उभा राहतो. हृदयाचे ठोके किंवा रक्तातील द्रव्ये आपल्या हुकमाने चालत नाहीत. "हृदया, हळू चाल" असे म्हणून ते हळू चालणार नाही. मग सतत तयारीत असलेल्या या शरीराला शांत कसे करायचे? यासाठी एक दार उघडे आहे. ते दार म्हणजे श्वास. श्वास आपोआपही चालतो आणि आपण मनात आणले तर तो हळू किंवा जलदही करू शकतो.

श्वासावरून एक गंमत आठवते. 'दम' हा शब्द तुम्हाला चांगला ठाऊक आहे. तो फारसीतून मराठीत आला आणि उर्दूत तर तो तुम्ही रोज वापरता. दम म्हणजे श्वास. जिना चढून आलेल्या माणसाला दम लागतो. त्याला आपण म्हणतो, "जरा दम खा." घाई करणाऱ्याला सांगतो, "दम धर." उर्दूत 'दम लेना' म्हणजे विसावा घेणे. थकणे, थांबणे, धीर धरणे या साऱ्या गोष्टी भाषेने श्वासाशी जोडल्या आहेत. मन आणि श्वास यांचे नाते साध्या माणसांनी केव्हाच ओळखले होते!

हे नाते तुम्ही स्वतः तपासून पाहू शकता. शांत बसा. डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या खालच्या बाजूला, उजव्या हाताची दोन बोटे ठेवा. नाडीचे ठोके लागतील. आता सावकाश श्वास आत घ्या आणि त्याहून सावकाश बाहेर सोडा. असे पाच-सहा वेळा करा. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद होतात आणि बाहेर सोडताना संथ होतात, असे तुमच्या लक्षात येईल. मेंदूपासून हृदयापर्यंत आणि पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची एक चेता आहे. ती हृदयाला "सावकाश" असा निरोप देते. आपण लांब श्वास सोडतो तेव्हा तिचे काम जोर धरते. मोठ्या माणसाचा श्वास विश्रांतीच्या वेळी साधारणपणे मिनिटाला बारा ते वीस वेळा चालतो. तो जाणीवपूर्वक संथ केला, तर हळूहळू शरीराला समजते की धोका टळला आहे.

श्वासाचा आणि शरीराच्या हालचालींचा असा विचार आपल्या देशात फार पूर्वी झाला. त्या विद्येला योग म्हणतात. योग या शब्दाचा अर्थ जोडणे असा आहे. प्राचीन काळी पतंजलींनी 'योगसूत्रे' रचली. आसन स्थिर असावे आणि ते करताना सुख वाटावे, असे त्यांनी सांगितले. म्हणजे दुखेपर्यंत शरीर ओढणे हा योग नव्हे.

ही विद्या एका भाषेत कोंडून राहिली नाही. अकराव्या शतकात अल्बेरुनी हा थोर विद्वान भारतात आला. तो संस्कृत शिकला आणि त्याने पतंजलींचा ग्रंथ अरबी भाषेत नेला. पुढे सोळाव्या शतकात ग्वाल्हेरचे सूफी संत मुहम्मद गौस यांनी 'बहर-उल-हयात' हा फारसी ग्रंथ लिहिला. त्यात योग्यांची आसने आणि श्वासाचे अभ्यास यांचे वर्णन आहे. शहजादा सलीम अलाहाबादेस असताना, १६०० ते १६०४ या काळात, या ग्रंथाची एक सचित्र प्रत तयार झाली. आसने करणाऱ्या योग्यांची तीतील चित्रे आजही पाहायला मिळतात. ती प्रत आयर्लंडमधील डब्लिन शहराच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. ज्ञान जिथे मिळेल तिथून घ्यावे, असे मानणारी माणसे प्रत्येक काळात होती.

मात्र त्या चित्रांत स्त्रिया दिसत नाहीत. योग ही बराच काळ मुख्यतः पुरुषांची साधना मानली जात होती. घर, मुले आणि चूल सांभाळणाऱ्या स्त्रीला तिथे जागा नव्हती. ही जागा विसाव्या शतकात तयार झाली आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९१८ साली श्री योगेंद्र यांनी मुंबईत 'योग इन्स्टिट्यूट' सुरू केली. संसारी माणसालाही योग करता यावा, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या पत्नी सीतादेवी स्वतः योग शिकल्या आणि इतर स्त्रियांना शिकवू लागल्या. १९३४ साली त्यांचे स्त्रियांसाठी लिहिलेले योगावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. एका स्त्रीने स्त्रियांसाठी लिहिलेल्या सुरुवातीच्या योगपुस्तकांत त्याची गणना होते. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास 'कैवल्यधाम' ही संस्था स्थापन केली. आसनांचा आणि श्वसनाचा शरीरावर काय परिणाम होतो, हे तेथे प्रयोगशाळेत तपासले जाऊ लागले. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी १९३७ पासून योग शिकवला. त्यांच्या कन्या गीता अय्यंगार यांनी १९८३ साली स्त्रियांसाठी एक पुस्तक लिहिले. पाळीच्या दिवसांत, गर्भारपणात आणि वेगवेगळ्या वयांत स्त्रीने कोणती आसने करावीत आणि कोणती करू नयेत, याचा विचार त्यांनी त्यात केला.

२०१४ साली संयुक्त राष्ट्रसंघाने २१ जून हा दिवस आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून जाहीर केला. आज अनेक देशांतील शाळांत, रुग्णालयांत आणि कारखान्यांत योगाचे वर्ग चालतात. नियमित योगाभ्यासाने ताण, चिंता आणि सौम्य उदासी कमी होण्यास मदत होते, असे अनेक संशोधनांत दिसून आले आहे. आसने आणि श्वसन ही शरीराने करण्याची गोष्ट आहे. ती कोणत्याही धर्माच्या माणसाला करता येते. त्यासाठी महाग वस्तूही लागत नाहीत. एक चटई किंवा सतरंजी, सैल कपडे आणि वीस मिनिटे पुरतात. सलवार-कमीज घालून ही आसने सहज करता येतात. फक्त ओढणी बाजूला ठेवावी. भरपूर जेवण झाल्यावर तीन-चार तास जाऊ द्यावेत. सकाळी सर्व उठण्यापूर्वीची किंवा संध्याकाळी स्वयंपाकापूर्वीची वेळ चांगली.

आता हा वीस मिनिटांचा अभ्यास कसा करायचा ते पाहू.

प्रथम दोन मिनिटे शांत बसावे. मांडी घालून बसता येत नसेल तर खुर्चीवर बसले तरी चालते. डोळे मिटावेत. श्वास कसा आत येतो आणि कसा बाहेर जातो, एवढेच पाहावे. मन इकडेतिकडे जाईल. भाजी काय करायची, याचा विचार येईल. येऊ द्यावा. पुन्हा श्वासाकडे यावे.

मग मान आणि खांदे मोकळे करावेत. मान हळूच उजवीकडे वळवावी, मग डावीकडे. श्वास घेत दोन्ही खांदे कानांकडे उचलावेत आणि श्वास सोडत खाली सोडून द्यावेत. दिवसभर वाकून शिवणाऱ्या, लाटणाऱ्या, धुणाऱ्या बाईच्या साऱ्या काळज्या जणू मानेवर येऊन बसलेल्या असतात.

यानंतर ताडासन करावे. ताड म्हणजे ताडाचे झाड. दोन्ही पाय जमिनीवर सारखे टेकून ताठ उभे राहावे. श्वास घेत दोन्ही हात वर न्यावेत आणि सारे अंग वर ताणावे. श्वास सोडत हात खाली आणावेत. असे चार वेळा करावे.

मग मार्जारासन. मार्जार म्हणजे मांजर. झोपून उठलेले मांजर पाठ कशी ताणते, ते तुम्ही पाहिले असेल. दोन्ही हात आणि गुडघे जमिनीवर टेकावेत. श्वास सोडत पाठ वर गोल करावी आणि मान खाली घालावी. श्वास घेत पाठ खाली न्यावी आणि समोर पाहावे. असे पाच-सहा वेळा सावकाश करावे. आखडलेली पाठ मोकळी होते.

त्यानंतर शशांकासन. दोन्ही पाय मागे दुमडून टाचांवर बसावे. श्वास सोडत पुढे वाकून कपाळ जमिनीला टेकावे. हात पुढे ठेवावेत. कपाळ टेकत नसेल तर खाली उशी घ्यावी. एक-दोन मिनिटे तसेच राहावे. गुडघे दुखत असतील तर हे आसन करू नये. त्याऐवजी पाठीवर निजून पोटऱ्या खुर्चीवर ठेवाव्यात. दिवसभर उभे राहून काम करणाऱ्या पायांना त्याने फार आराम मिळतो.

मग बसून भ्रामरी करावी. भ्रमर म्हणजे भुंगा. नाकाने श्वास घ्यावा आणि तोंड मिटून, भुंग्यासारखा गुणगुण असा आवाज करत, तो हळूहळू सोडावा. आवाज काढायचा म्हणजे श्वास लांब सोडावाच लागतो. म्हणून हा अभ्यास मनाला लवकर शांत करतो. पाच वेळा पुरे. लहान मुलांनाही तो खूप आवडतो.

शेवटी पाच मिनिटे शवासन. पाठीवर निजावे. पाय थोडे दूर, तळहात आकाशाकडे. पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेक अवयव सैल सोडावा. हे आसन दिसायला सर्वांत सोपे आहे, पण अनेक स्त्रियांना तेच सर्वांत कठीण वाटते. काही न करता पडून राहायचे, म्हणजे काही चुकते आहे, असे त्यांना वाटते. खरे तर काहीच चुकत नाही. जमीन दोन पिकांच्या मध्ये विसावा घेते, तेव्हा कोणी तिला आळशी म्हणत नाही.

या अभ्यासात काही गोष्टी सांभाळाव्यात. श्वास कोंडून धरू नये. कोठेही दुखले तर लगेच थांबावे. गर्भवती स्त्रीने, नुकतीच बाळंत झालेल्या स्त्रीने, तसेच रक्तदाब, हृदयविकार किंवा मानेचे दुखणे असलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. पाळीच्या दिवसांत त्रास होत असेल तर फक्त संथ श्वसन आणि शवासन करावे. शक्य असेल तेथे जाणकार शिक्षकाकडून शिकावे. आणि एका दिवसात चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. आठवड्यातून एकदा दोन तास करण्यापेक्षा रोज वीस मिनिटे करणे चांगले.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. योग हे सर्व दुखण्यांचे औषध नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत उदास वाटत असेल, झोप आणि भूक उडाली असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, किंवा जगून काय उपयोग असे विचार मनात येत असतील, तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. डॉक्टरांनी दिलेली औषधे योग सुरू केला म्हणून बंद करू नयेत. ऑक्टोबर २०२२ पासून भारत सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा किंवा रात्री केव्हाही फोन करून अनेक भारतीय भाषांत मोफत सल्ला घेता येतो. तसेच एखाद्या घरात स्त्रीला मारहाण होत असेल, तर तिला आसने शिकवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. तिला माणसांची मदत आणि कायद्याचा आधार मिळायला हवा. सोसण्याची ताकद वाढवण्यासाठी योग करायचा नसतो.

आता आपण पुन्हा त्या मालेगावच्या घरी जाऊ. मोठ्या मुलीने शाळेत हा अभ्यास पाहिला आणि घरी येऊन अम्मीला सांगितला. अम्मी हसली. म्हणाली, "मला कुठली आलीय फुरसत?"

तिचे म्हणणे बरोबर होते. चटई घरात होती, जागाही होती. नव्हती ती वीस मिनिटे. ही वीस मिनिटे अम्मी एकटी आणणार कोठून? ती घरातील सर्वांनी मिळून द्यायला हवी होती. मुलीने अब्बांशी बोलून पाहिले. मग ठरले. संध्याकाळी ती वीस मिनिटे दादींना पाणी आणि औषध अब्बा देतील. धाकट्याचे गणित मोठी बहीण पाहील. दुधाकडे लक्ष ठेवणे हे धाकट्याचे काम. अम्मीला कोणी हाक मारायची नाही.

पहिले दोन दिवस अम्मी चटईवर असूनही तिचे कान गॅसकडेच होते. तिसऱ्या दिवशी भ्रामरी ऐकून धाकटाही येऊन बसला आणि भुंग्यासारखा गुणगुणू लागला. महिन्याभराने काय बदलले? कुर्ते तेवढेच होते. भाडेही तेवढेच होते. यंत्रमागांची खटखटही तशीच होती. पण अम्मीची मान पूर्वीपेक्षा कमी दुखत होती आणि रात्री तिला झोप लागत होती.

एके दिवशी पुन्हा दूध उतू गेले. धाकटा घाबरून भिंतीला चिकटला. अम्मीने गॅस बंद केला. एक लांब श्वास घेतला, सोडला आणि फडक्याने ओटा पुसू लागली. मोठ्या मुलीने जवळ येऊन विचारले, "अम्मी, काय झालं?"

या वेळी अम्मी "काही नाही" म्हणाली नाही. ती म्हणाली, "आज फार दमले गं. जरा बस माझ्याजवळ."

मुलगी बसली. धाकटाही येऊन बसला. थोडा वेळ घरात कोणीच काही बोलले नाही. सर्वांनीच जरा दम घेतला.

स्वाध्याय

प्र. १. एका-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) धोका जाणवताच शरीरात कोणते बदल होतात?
(आ) लांब श्वास सोडल्याने हृदयाच्या ठोक्यांवर काय परिणाम होतो?
(इ) 'बहर-उल-हयात' हा ग्रंथ कोणी लिहिला?
(ई) डॉक्टरांकडे केव्हा जायला हवे?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) स्त्रियांना ताण अधिक का सहन करावा लागतो?
(आ) महाराष्ट्रात स्त्रियांसाठी योगाचा प्रसार कसा झाला?
(इ) शेवटी अम्मीने "काही नाही" असे का म्हटले नाही, असे तुम्हाला वाटते?

प्र. ३. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
दम लागणे, दम खाणे, दम धरणे, उतू जाणे, मन रमणे.

प्र. ४. 'दम' या शब्दाप्रमाणे उर्दूत आणि मराठीत सारखेच वापरले जाणारे या पाठातील शब्द शोधा व लिहा.

उपक्रम : सुट्टीच्या एका दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत आपली आई कोणकोणती कामे करते आणि प्रत्येक कामाला किती मिनिटे लागतात, याची नोंद करा. त्यांतील कोणते काम तुम्ही करू शकाल, ते ठरवा.